गोल्फ कार्टचं उत्तरकार्य

तुमच्या दारात गोल्फ कार्ट आहे म्हणून तुम्ही गोल्फ खेळता, असा आमचा गैरसमज नाही. दांडिया बाजारातला वाडा विकून कारेलीबागेत फ्लॅट घेतलेला माणूस गोल्फ कशाला खेळेल? विकणाऱ्याने गाडी थेट लक्ष्मीविलास पॅलेसच्या मैदानावरून आल्याचं सांगितलं, आणि तुमचे पणजोबा महाराजांच्या खासगी खात्यात कारकून होते. एवढ्यावर व्यवहार ठरला. बडोद्यात जुनं घड्याळ, झुंबर, खुर्ची, जे काही विकायला निघतं ते पॅलेसमधूनच निघालेलं असतं. या हिशेबाने तो राजवाडा आत्तापर्यंत चारदा रिकामा झाला असावा.

मग २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी भेटायला आली. धोक्याची पातळी २५ फूट, आणि बाई ३५च्या वर चढल्या. पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, आणि त्यात तरंगतंय ती मगर की ओंडका यावर सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट. पाणी ओसरल्यावर एखादा घाबरट माणूस त्याच दिवशी इंजिनातलं ऑइल सोडतो, स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढतो आणि आत ताजं ऑइल घालतो. तुम्ही आधी सोफा उन्हात टाकलात. योग्यच केलंत. सिलिंडरची आतली भिंत बिडाची, पिस्टनच्या रिंगा लोखंडाच्या; ओलीत इतके दिवस एकत्र ठेवल्यावर त्यांचं जमणारच होतं. दिवाळीच्या साफसफाईत ताडपत्री काढलीत तेव्हा गंजाने संसार पक्का झाला होता आणि इंजिन जाम.

आता दुरुस्ती. सर्वात आधी, इंजिन खरंच जाम आहे का हे मुळीच तपासू नका. तपासायचं म्हणजे पट्टे उतरवायचे, पुली हाताने फिरवून बघायची आणि प्लग काढायचे. आत नुसतं पाणी अडकलेलं असेल तर पुली फिरवताना ते पिचकारीसारखं बाहेर येतं आणि इंजिन फुकटात सुटतं. पंधरा मिनिटांचं काम. पण पंधरा मिनिटांत सुटणाऱ्या अडचणीभोवती माणसं जमत नाहीत, चहा होत नाही, आणि शेजारचे भाई आपल्या १९८५ च्या स्कूटरची गोष्ट सांगत नाहीत.

त्यापेक्षा पॅडल दाबा. या गाड्यांची गंमत अशी की नुसती किल्ली फिरवून इंजिन चालू होत नाही. पॅडलवर पाय पडला की स्टार्टर-जनरेटर पट्ट्याने इंजिन फिरवतो. जाम इंजिनावर फक्त सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणारा स्विच, ‘टक’ म्हणतो. ‘टक’ म्हणजे धुगधुगी आहे, असा अर्थ घ्या. पुन्हा दाबा. पट्टा किंचाळेल, रबर जळाल्याचा वास चौथ्या मजल्यापर्यंत जाईल आणि वहिनी गॅलरीत येतील. मग नवी बॅटरी आणा. स्टार्टर जळाला की एका दुरुस्तीच्या जागी दोन झाल्या, आणि आता तुम्ही या विषयातले जाणकार झालात.

टाकीतलं जुनं पेट्रोल तसंच राहू द्या. त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल पिऊन बसतं. ज्या गुजरातेत माणसाला परवान्याशिवाय थेंब मिळत नाही, तिथे गाडीला पंपावर उघडपणे पाजतात. तिला तरी सुख लाभू द्या.

एवढ्यात कुणीतरी काका खरा उपाय सांगतील. तो फार धोकादायक आहे, कारण त्याने काम होतं. अर्धं ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं ऑइल, अर्धं अ‍ॅसिटोन. प्लगच्या भोकांतून दोन्ही सिलिंडरमध्ये ओतायचं आणि आठवडाभर गाडीकडे बघायचं नाही. कमी झालं तर आणखी घालायचं. मग क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून जरासं पुढे, जरासं मागे. जोर नाही, झुलवणं. गंज आपल्या वेळेने सुटतो. यात मर्दुमकी दाखवायला जागाच नाही, हा या उपायाचा मोठा दोष. तरी करायचंच म्हटलंत तर मिश्रण थर्माकोलच्या कपात बनवा. कप डोळ्यांदेखत विरघळेल आणि उरलेलं टेबलाच्या पॉलिशवर जाईल. जागा देवघराजवळची निवडा, निरांजनाच्या उजेडात नीट दिसतं.

आणि आठवडा? आठवडा कोण थांबतो! सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं ते इथल्या पोरांच्या हातांना हुन्नर यावा म्हणून. ती परंपरा तुमच्या रक्तात आहे, हातात उतरली नसली तरी. तेव्हा दुसऱ्याच दिवशी प्लगच्या भोकातून सळई घाला आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडी हाणा. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो, तो तुम्हाला नाही म्हणणार नाही. हेड उतरवून लाकडाच्या ठोकळ्यावर हलके ठोके देणारे लोक वेगळे. त्यांच्या घरी घड्याळंही वेळेवर चालतात.

मिस्त्री येईल, खाली वाकून बघेल आणि म्हणेल, “थई जशे.” होऊन जाईल. या दोन शब्दांवर बडोदा उभं आहे. कधी, कितीत, कशाने, असले प्रश्न विचारून त्याचा अपमान करू नका. तो सिलिंडर मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, लेथवर पाठवेल. बोर, म्हणजे सिलिंडरचं भोक, मोठा करायचा तर पाव मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन लागेल. लेथवाला विचारेल, “आ कई गाडीनुं छे?” तुम्ही मान ताठ करून सांगा, “पॅलेसची.” पुढचे चार महिने तो त्या मापाचा पिस्टन शोधत राहील.

पण समजा, यातलं काहीच झालं नाही. काकांनी तुम्हाला न विचारता रोज सकाळी पाना लावून बघितला, आणि नवव्या दिवशी, दूधवाला येण्याआधी, पुली अंगठ्याएवढी सरकली. मग आणखी थोडी. मग पूर्ण फेरा. काका म्हणतील, प्लग बाहेरच ठेव, सिलिंडरमधलं सगळं निथळून जाऊ दे, खालचं ऑइल बदल, ते बासुंदीसारखं झालंय.

तुम्ही लगेच दोन्ही प्लग घट्ट बसवा. सोसायटीला खाली बोलवा, सेवउसळ मागवा, पोरांना मागच्या सीटवर बसवा, मोबाइलवर शूटिंग सुरू करा. पिस्टनवर अजून वाटीभर तेल आहे, आणि तेल काही हवेसारखं दाबलं जात नाही, हे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला आयुष्यात एकदा तरी कळायलाच हवं. गुलाल कुणीतरी आणलाच असेल.

दाबा पॅडल.