हवेला विचारतो कोण?

वाळवा तालुक्यात ट्रॅक्टरनं काळा धूर मारला की निदानाला मिस्त्री लागत नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन आमचा जुना ट्रॅक्टर कारखान्याच्या नंबरात उभा होता, तेवढ्यात चहाच्या टपरीवरून निकाल आला, "आवं, पंपाचं मिक्श्चर बिघडलंय. जरा हवा वाढवा."

हे ज्ञान जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरवरचं, तिथं हवा आणि पेट्रोल मिसळतं. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचा हवेशी सोयरसंबंधच नाही. इंजिन दर खेपेला छातीभर हवा ओढतं, तिला अडवायला वाटेत झडप नसते. हवा म्हणजे पंगतीतला भात, कायम पानभर. पंप म्हणजे तुपाची वाटी घेतलेला वाढपी. सगळं त्याच्या हातावर.

आणि हात भलताच हिशेबी! एलिमेंटमधला, म्हणजे पंपातल्या दाब देणाऱ्या नळकांड्यातला, दांडा दर खेपेला तेवढाच वर जातो, पण त्याच्या अंगावर तिरकी खाच असते. ती बाजूच्या भोकाला भिडली की दाब सुटतो, नोझलकडचं डिझेल बंद. रॅक, म्हणजे दांडा फिरवणारी पट्टी, सरकली की दांडा जरासा फिरतो आणि खाच भोकाला लवकर किंवा उशिरा भिडते. कमी-जास्त होतं ते एवढ्यावर. दांडा आणि त्याचं नळकांडं यांच्यातली फट जेमतेम दोन-चार मायक्रॉन, म्हणून एकाचा दांडा दुसऱ्याच्या घरी नांदत नाही.

रॅक हलवतो गव्हर्नर, इंजिनाचा वेग सांभाळणारा. आपण थ्रॉटल ओढतो ती नुसती स्प्रिंग ताणायला. चढाला इंजिन दमलं की गव्हर्नरची फिरती वजनं आत मिटतात आणि स्प्रिंग रॅकला जास्त डिझेलकडे ढकलते. बॉशनं 1927 साली असले पंप कारखान्यात काढायला सुरुवात केली. ना वायर, ना सेन्सर.

एवढं सांगून झाल्यावर टपरी म्हणाली, "ते खरं ओ, पण पंप खोला."

आबांनी, म्हणजे चुलत्यांनी, मान डोलावली. पंप पोत्यात गुंडाळून मी एसटीनं सांगलीला नेला. वाटेत निम्मं डिझेल माझ्या पँटनं प्यालं. पंपवाल्यानं तो बेंचवर चढवला, काचेच्या नळ्यांत डिझेल पडलं, सगळीकडे सारखं. "पंपाला काय धाड भरलीय? एअर क्लीनर बघितला का?"

घरी येऊन बघितला. त्याच्या धूळ धरायच्या भांड्यात तेल कमी, पाचटाचा चुरा जास्त. हवा आत येते की नाही हे पंपाला कुठं दिसतंय? तो ठरल्या मापानं ओततच होता, आणि न जळलेलं काजळी होऊन बाहेर.

मग टायमिंगच्या खुणा जुळवून पंप चढवला. हवेशी त्याचं एकच वैर: डिझेलच्या नळीत बुडबुडा शिरला की रुसतो. अंगठा सुजेपर्यंत हँड प्रायमर, म्हणजे बुडबुडे काढायचा हातपंप, दाबला, तेव्हा इंजिन लागलं. धूर गायब.

ड्रायव्हरचं तोंड मात्र पडलं. "धूर नाय म्हंजे जोर नाय," म्हणत तो पाना घेऊन पंपाच्या जास्तीत जास्त डिझेल ठरवणाऱ्या स्क्रूकडं निघाला. पंपवाल्यानं तिथं शिशाचं सील ठोकलंय, हे मी ओरडून सांगितलं.

आबा म्हणाले, "पक्कड आण. एकच आटा देऊ."