३ एप्रिल, १३ एप्रिल की चैत्री पौर्णिमा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

३ एप्रिलच्या दिनविशेषावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिला दोन ओळींत वाटेला लावणे बरे दिसणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपले आक्षेप तीन आहेत. शिवछत्रपतींचे निधन मी '३ एप्रिल १६८०, शनिवार' असे नोंदवले होते. आपण मोबाइलच्या कॅलेंडरात १६८० साल उघडून पाहिले तर त्या तारखेला बुधवार निघाला, तेव्हा एक तर वार चुकला आहे किंवा तारीख. दुसरा आक्षेप असा की जुन्या आणि नव्या गणनेतले दहा दिवसांचे अंतर धरले तर आजच्या हिशेबाने ती तारीख १३ एप्रिल येते, मग ३ एप्रिलचा आग्रह कशासाठी? तिसऱ्या आक्षेपात आपला राग लपत नाही : महाराजांचे निधन, राकेश शर्मा यांचे अंतराळोड्डाण आणि न्यू यॉर्कमधला पहिला मोबाइल कॉल यांना एकाच पंक्तीत बसवणे हा इतिहासाचा पोरखेळ आहे, असे आपण म्हणता.

वारापासून सुरुवात करतो, कारण तिथे शंकेला जागा नाही. मराठी साधनांतली मूळ नोंद शके १६०२, रौद्र संवत्सर, चैत्र शुद्ध १५, शनिवार अशी आहे. '३ एप्रिल' हे तिचे मागाहून केलेले रूपांतर, आणि ते ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या, गणनेत केलेले आहे. त्या गणनेप्रमाणे ३ एप्रिल १६८० रोजी शनिवारच होता. आपल्या मोबाइलमधले कॅलेंडर मात्र ग्रेगरियन, म्हणजे आज चालणारी नवी, गणना सरसकट मागे ओढत नेते. कोणत्या देशाने ती कधी स्वीकारली याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याने आपल्याला दाखवलेला '३ एप्रिल' हा प्रत्यक्षात दहा दिवस आधीचा, वेगळाच दिवस आहे. त्या दिवशी बुधवार होता हे खरे, पण आकाशातला चंद्र तेव्हा जेमतेम चार-पाच दिवसांचा होता आणि पौर्णिमा अजून लांब होती. त्याच कॅलेंडरात १३ एप्रिल १६८० काढून पाहा, शनिवार दिसेल. तिथी आणि वार यांची जोडी जुळली की रूपांतर बरोबर आले असे समजायचे, ही जंत्री (तिथी आणि तारखांचा मेळ देणारी कोष्टके) घेऊन बसणाऱ्यांची नेहमीची पडताळणी आहे. पेशवाईतल्या ज्या पत्रांवर 'छ' लिहून नुसता मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख, घातलेला असतो आणि सालाचा पत्ता नसतो, तिथे तर एखादा ओझरता लिहिलेला वारही मोठा आधार वाटतो.

आता ते दहा दिवस. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आज्ञेने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतली बहुतेक राज्ये यांनी हा बदल तत्काळ मानला. स्पेनमधली आविलाची संत तेरेसा नेमकी त्या रात्री वारली. तिच्या मृत्यूची तारीख ४ ऑक्टोबर की १५ ऑक्टोबर हा प्रश्न एका रात्रीचा आहे, पण कागदावर अंतर अकरा दिवसांचे पडते. तिचा सण १५ ऑक्टोबरला पाळतात. त्या वर्षीच्या ५ ते १४ ऑक्टोबरपर्यंतच्या तारखा स्पेनमध्ये उगवल्याच नाहीत, त्यामुळे त्या दहा दिवसांच्या दिनविशेषात स्पेनची १५८२ सालची घटना कोणी लिहिली असेल तर ती बेधडक खोडावी.

इंग्रजांनी हा बदल जवळजवळ पावणेदोनशे वर्षे अडवून धरला. त्यांच्याकडे २ सप्टेंबर १७५२ च्या बुधवारनंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार आला. याचा परिणाम आपल्या किनाऱ्यावर कसा दिसत होता ते पाहण्यासारखे आहे. गोव्यातले पोर्तुगीज नव्या गणनेने चालत, मुंबई-सुरतेचे इंग्रज जुन्या. महाराजांच्या अखेरच्या वर्षांत मुंबईच्या वखारीतून १० तारखेचे पत्र निघाले, तर त्याच दिवशी गोव्यात लिहिलेल्या पत्रावर २० तारीख पडायची. दोघेही रायगडाकडे डोळे लावून बसलेले आणि तिथल्याच घडामोडी लिहीत असलेले. ही गोष्ट लक्षात न घेता दोन्ही बाजूंची पत्रे एकापुढे एक लावली, तर बातमी घडण्याआधीच मुंबईत पोहोचली असा चमत्कार सहज घडतो.

तेव्हा आपला दुसरा आक्षेप गणित म्हणून अगदी बरोबर आहे. ग्रेगरियन गणनेने तो दिवस १३ एप्रिल १६८० होय. शिवाय असे रूपांतर कोणी करतच नाही असेही मी म्हणू शकत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारीचा, पण अमेरिकेने तो २२ फेब्रुवारीला साजरा केला. रशियातली 'ऑक्टोबर क्रांती' नोव्हेंबरच्या ७ तारखेला साजरी होत आली. उलट शेक्सपिअर यांच्या निधनाचा २३ एप्रिल हा दिवस इंग्रजांनी ३ मे वर नेलेला नाही. म्हणजे ज्याने-त्याने आपल्या सोयीचा रिवाज धरला आहे, आणि मराठी इतिहासलेखनाचा रिवाज १७५२ पर्यंत ज्युलियन आणि पुढे ग्रेगरियन असा आहे. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ ज्युलियन आहे, जन्माचा १९ फेब्रुवारी १६३० ज्युलियन आहे. थोरल्या बाजीरावांचे रावेरखेडी येथे निधन झाले तो २८ एप्रिल १७४० देखील ज्युलियनच. तोवर अंतर अकरा दिवसांचे झाले असल्याने आजच्या हिशेबाने तो ९ मे येईल. पानिपतचा १४ जानेवारी १७६१ मात्र ग्रेगरियन आहे आणि त्याला हात लावायचे कारण नाही. मी एकट्याने ३ एप्रिलचा १३ एप्रिल केला, तर उरलेल्या सगळ्या तारखाही हलवाव्या लागतील, आणि माझी नोंद वाचून ग्रंथालयात गेलेल्या विद्यार्थ्याला एकाही संदर्भग्रंथात ती तारीख सापडणार नाही.

(पानिपतचा विषय निघालाच आहे तर सांगतो : 'संक्रांतीच्या दिवशी पानिपत झाले' हे वाक्य माझ्याही एका जुन्या लेखात आहे. त्या शतकात मकरसंक्रांत १४ जानेवारीला येतच नसे. १७६१ मध्ये ती लढाईच्या काही दिवस आधीच होऊन गेली होती. लढाईची तिथी पौष शुद्ध ८. 'मराठ्यांवर संक्रांत कोसळली' हा वाक्प्रयोग इतका बेमालूम बसतो की तारीख तपासायचे कोणाला सुचत नाही, आणि मलाही सुचले नव्हते.)

आपण न काढलेली एक खोच मीच दाखवतो. इंग्रजांचे कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे शिवजन्माच्या दिवशी, फाल्गुन वद्य ३, शके १५५१ रोजी, इंग्रज कारकुनाने कागदावर १९ फेब्रुवारी १६२९ असे लिहिले असते. आपण '१९ फेब्रुवारी १६३०' लिहितो तेव्हा दिवस जुन्या गणनेचा आणि वर्षारंभ नव्या पद्धतीचा, अशी सरमिसळ करत असतो. ३ एप्रिलला ही अडचण येत नाही, कारण तोवर २५ मार्च उलटून गेलेला असतो.

माझी खरी चूक वेगळीच आहे आणि ती आपल्या प्रतिक्रियेमुळे सापडली. नोंदीत मी तारीख आणि वार दिला, पण तिथी दिली नाही आणि तारीख कोणत्या गणनेतली हेही सांगितले नाही. मूळ नोंद गाळून रूपांतर तेवढे ठेवण्यासारखे हे झाले. रायगडावर पुण्यतिथी चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी होते. २०२४ मध्ये तो दिवस २३ एप्रिलला आला, २०२५ मध्ये १२ एप्रिलला. तिथी न सांगता नुसती तारीख वाचणाऱ्याला या दोन्ही दिवसांचा मेळ लागणे कठीण. हाच दोष माझ्या २३ एप्रिलच्या नोंदीत अधिक ढळढळीत आहे. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस हे १६१६ मध्ये 'एकाच दिवशी' वारले, असे मी तिथे मोठ्या कौतुकाने लिहिले होते. इंग्लंड जुन्या गणनेत आणि स्पेन नव्या, म्हणजे तारीख एक असती तरी दिवसांत दहाचे अंतर पडलेच असते. आणि सर्व्हान्तेस यांचा मृत्यू २२ एप्रिलचा असून २३ ला त्यांचे दफन झाले. ती नोंद मी आज बदलली.

तिसऱ्या आक्षेपावर मी अर्धाच सहमत आहे. दिनविशेषाची जात मुळात पंचांगाच्या पानासारखी असते. शेजारच्या दोन ओळींचा एकमेकींशी संबंध असावा अशी तिथे अपेक्षा नसते. सॅम माणेकशा ३ एप्रिल १९१४ रोजी अमृतसरला जन्मले, योहान्नेस ब्राम्स ३ एप्रिल १८९७ रोजी व्हिएन्नात वारले, मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या रस्त्यावरून तो फोन लावला, राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मधून निघाले. यांना एकत्र आणणारा धागा तारखेपलीकडे काही नाही, आणि तसा धागा असल्याचा आव मी कधी आणलेला नाही. पण महाराजांच्या निधनाला मी एक ओळ दिली आणि मोबाइलच्या कॉलला तीन, हे प्रमाण लाजिरवाणे होते, आणि त्याबद्दलचा आपला राग मी मान खाली घालून स्वीकारतो.

दुरुस्त केलेली नोंद आता अशी आहे : 'चैत्र शुद्ध १५, शके १६०२, शनिवार (ज्युलियन ३ एप्रिल १६८०, ग्रेगरियन १३ एप्रिल) : छत्रपती शिवाजी महाराजांचे रायगडावर निधन.' १७५२ पूर्वीच्या इतर नोंदींनाही हीच पद्धत लावतो आहे. बाजीरावांची झाली, बाकीच्यांना थोडे दिवस लागतील.

१ ऑगस्टच्या नोंदीवर मात्र आपण उद्या याच धर्तीवर हरकत घेतलीत तर मी हटणार नाही. लोकमान्य टिळक १९२० मध्ये मुंबईच्या सरदारगृहात निवर्तले ते मध्यरात्र उलटल्यावर. आपला वार सूर्योदयापासून मोजतात, त्या हिशेबाने आदल्या दिवसाचा शनिवार अजून संपला नव्हता. घड्याळाच्या हिशेबाने १ ऑगस्टचा रविवार लागला होता. त्याच १ ऑगस्टला असहकार आंदोलनाला आरंभ झाला आणि वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. तिथे गणनेचा घोळ नाही, एकाच गणनेत दिवस कुठे सुरू होतो एवढाच प्रश्न आहे, आणि १९२० सालची मुंबई तोवर घड्याळावर चालू लागली होती.

आपला,
दिनविशेषकार

(ता. क. : आपल्या मोबाइलमध्ये शालिवाहन शक आणि तिथी दाखवणारे पंचांग असेल, तर बाजीरावांची वैशाख शुद्ध १३, शके १६६२ ही तिथी काढून पाहा. ती ९ मेच्या आसपास निघेल, २८ एप्रिलला नाही.)