‘एका गाण्याचा बँड’ म्हणे!

ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांच्या याद्या सारख्या फिरत असतात. ‘एक गाणं गाजलं आणि गायब झाले’ या सदरात अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या इन्फर्मेशन सोसायटीचं नाव हटकून असतं आणि त्याखाली मजकूरही ठरलेला असतो. हा ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी टीव्ही मालिकेतल्या स्पॉक या पात्राच्या आवाजावर तरून गेलेला एका गाण्याचा बँड; इंग्लंडच्या डेपेश मोड या बँडची अमेरिकी नक्कल; १९९२ नंतर खेळ खलास; आणि सगळं यंत्रांनीच वाजवलेलं, म्हणून आतून पोकळ. चार आरोप आहेत. त्यांतल्या एकात थोडं तथ्य आहे, ते कबूल करतो. बाकीच्यांची वाट लावायला मात्र त्यांचे अल्बम ऐकले तरी पुरे.

आधी आकडे, कारण ते पटकन आटपतात. १९८८ साली ‘व्हॉट्स ऑन युअर माइंड (प्युअर एनर्जी)’ बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या हॉट १०० या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच अल्बममधलं ‘वॉकिंग अवे’ १९८९ मध्ये नवव्या क्रमांकावर पोचलं, हे यादी करणाऱ्यांना माहीत नसतं किंवा सोयीस्करपणे आठवत नाही. म्हणजे पहिल्या दहांत दोन गाणी, तीही एकाच अल्बममधली. पुढच्या ‘हॅक’ अल्बममधलं ‘थिंक’ अठ्ठाविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९८८ च्या त्या अल्बमला अमेरिकेत गोल्ड मिळालं. गोल्ड म्हणजे पाच लाख प्रती. आणि हे झालं फक्त अमेरिकेपुरतं. ब्राझीलमध्ये या मंडळींना डोक्यावर घेतलं होतं. १९९१ च्या जानेवारीत रिओच्या माराकाना स्टेडियमवर ‘रॉक इन रिओ’ झालं, तिथे हे वाजवून आले. ‘रिपिटिशन’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या पन्नासातही आलं नाही, पण ब्राझीलमध्ये ते लोकांनी उचलून धरलं. तेव्हा ‘एक गाणं’ मोजताना कुठल्या देशाच्या बोटांवर मोजायचं, तेवढं आधी ठरवा.

आता स्पॉक. तथ्य आहे म्हटलं ते इथे. ‘प्युअर एनर्जी’ हे दोन शब्द स्पॉक साकारणाऱ्या लिओनार्ड निमॉयच्या आवाजातले आहेत, ‘स्टार ट्रेक’च्या १९६७ मधल्या ‘एरंड ऑफ मर्सी’ या भागातून उचललेले. तिथे स्पॉक हे शब्द ऑर्गेनियन नावाच्या परग्रहवासीयांबद्दल बोलतो. त्यांना देह नाही, नुसती ऊर्जा आणि विचार. गाण्याच्या नावातच कंसात ते शब्द घातलेत, म्हणजे लोक दुकानात जाऊन काय सांगून रेकॉर्ड मागणार याचा अंदाज बँडलाही असावा. तर हो, त्या आवाजाने मदत केली.

पण गाणं त्याच्यावर उभं आहे म्हणणं म्हणजे फोडणीच्या मोहरीला आमटी समजणं. ते दोन शब्द गाण्यात कसे येतात ते नीट ऐका. कापून, छाटून, नेमके ठेक्यावर बसवलेले आहेत. एखादा ड्रमर झांज जिथे मारेल तिथे ते पडतात. मुखड्याची चाल त्यांच्यावाचूनही तितकीच चिकटते. बोललेल्या आवाजाचा तालवाद्यासारखा वापर करायची ही सवय स्टार ट्रेकच्या चाहत्यांकडून आलेली नाही. ती आली न्यूयॉर्कच्या हिपहॉपमधून. आणि तिथूनच दुसऱ्या आरोपाचंही उत्तर निघतं.

डेपेश मोडची नक्कल. हे वाचलं की मला हसू येतं, कारण एवढ्यासाठी रेकॉर्डवर कुठल्या कंपनीचं नाव छापलंय तेवढं बघितलं तरी भागतं. इन्फर्मेशन सोसायटी टॉमी बॉयवर होती. टॉमी बॉय ही न्यूयॉर्कची हिपहॉपची कंपनी, आफ्रिका बंबाटाचं ‘प्लॅनेट रॉक’ १९८२ साली काढणारी. ‘प्लॅनेट रॉक’मध्ये जर्मनीच्या क्राफ्टवर्क या बँडची धून आणि ८०८ ड्रम मशीनचा ठेका एकत्र आला, आणि त्यातून इलेक्ट्रो नावाचा प्रकार फोफावला. पुढे त्याचंच एक लाडकं अपत्य म्हणजे फ्रीस्टाइल. न्यूयॉर्क आणि मायामीतली लॅटिनो पोरंपोरी ज्यावर नाचायची ते संगीत.

इन्फर्मेशन सोसायटीचा प्रवेश झाला तो या दारातून. पॉल रॉब, गायक कर्ट हारलंड आणि जेम्स कॅसिडी यांनी १९८२ च्या सुमारास मिनियापोलिसात सुरुवात केली. १९८३ मध्ये एक ईपी (अल्बमहून छोटी रेकॉर्ड) आणि १९८५ मध्ये ‘क्रिएचर्स ऑफ इन्फ्लुअन्स’, दोन्ही गावातल्याच एका छोट्या कंपनीवर. त्या काळातलं त्यांचं ‘रनिंग’ हे गाणं न्यूयॉर्कच्या क्लबांत लॅटिनो श्रोत्यांनी उचललं, आणि त्याच्या जोरावर टॉमी बॉयचं दार उघडलं. गंमत म्हणजे ‘रनिंग’ गायलंय मुरात कोनारने, हारलंडने नव्हे. मध्यपश्चिमेच्या बर्फाळ गावातले गोरे पोरगे आणि त्यांच्या गाण्यावर नाचणारी ब्राँक्समधली पोर्तोरिकन मंडळी, अशी ती जोडी होती. हे इंग्लंडच्या बॅसिल्डनहून आलेल्या डेपेश मोडच्या गोष्टीशी कुठून जुळतं?

कानानेही पडताळून बघा. डेपेश मोडचा १९८७ चा ‘म्युझिक फॉर द मासेस’ घ्या आणि त्यानंतर ‘रनिंग’ लावा. एकीकडे जड, सावकाश, अंधारलेलं. दुसरीकडे मोडता, उसळता ठेका, मधूनच सुटलेल्या मात्रा, वर टिपेचे सिंथचे (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारी पेटी) तुकडे. सिंथ दोघांकडे आहे, हे खरं. पेटी भजनातही असते आणि तमाशातही. (मिनियापोलिस म्हणजे पॉपस्टार प्रिन्सचं गाव, आणि गंमत अशी की यांच्या गाण्यांत त्याची सावली फारशी दिसत नाही. नक्कलच करायची असती तर चांगला गुरू गल्लीतच होता.)

‘१९९२ नंतर खलास’ याला उत्तर द्यायला फार जागा खर्च करत नाही. टॉमी बॉयवर त्यांचे तीन अल्बम निघाले: १९८८ चा बँडच्याच नावाचा, १९९० चा ‘हॅक’ आणि १९९२ चा ‘पीस अँड लव्ह, इन्क.’. त्यानंतर रॉब आणि कॅसिडी बाहेर पडले, हे खरं. पण हारलंडने एकट्याने १९९७ मध्ये ‘डोन्ट बी अफ्रेड’ काढला. काळाकुट्ट, इंडस्ट्रियल (कारखान्यासारख्या खडखडाटी) वळणाचा अल्बम, ‘प्युअर एनर्जी’वर नाचलेल्यांनी घाबरून बंद केला असेल असा. त्यातलं ‘ओझार मिद्राशीम’ १९९९ च्या ‘सोल रीव्हर’ या प्लेस्टेशनवरच्या गेममध्ये वापरलं गेलं, आणि ज्यांनी बँडचं नावही ऐकलं नव्हतं अशा पोरांच्या डोक्यात ते जाऊन बसलं. २००७ मध्ये ‘सिंथेसायझर’ आला, त्यात बरीचशी गाणी ख्रिस्तोफर अँटनने गायलीत. तो मला बेताचाच वाटतो. २०१४ च्या ‘_हॅलो वर्ल्ड’मध्ये मूळ तिघे परत एकत्र आले. त्यात डीव्हो या अमेरिकी बँडचं ‘ब्युटिफुल वर्ल्ड’ आहे आणि गायला खुद्द डीव्होचा जेराल्ड कसाले आलाय. मग २०१६ चा ‘ऑर्डर्स ऑफ मॅग्निट्यूड’, मग २०२१ चा ‘ऑडफेलोज’. टॉमी बॉयवर तीन, नंतर पाच. ‘खलास’चा हा अर्थ मला तरी नवा आहे.

राहिला पोकळपणा. ‘यंत्रांनी वाजवलं’ हा आरोप सिंथपॉपवर करणं म्हणजे बासरीवाल्याला ‘नुसता फुंकतोस’ म्हणण्यासारखंच. तरी एक गोष्ट सांगून ठेवतो. १९८८ च्या अल्बमचा निर्माता फ्रेड माहेर स्वतः हाडाचा ड्रमर. अमेरिकी गायक-गिटारवादक लू रीडच्या १९८९ च्या ‘न्यूयॉर्क’ या अस्सल गिटारी अल्बमचा सहनिर्माताही तोच. ताल माणसाच्या हाताला कसा लागतो हे त्याला शिकवायची गरज नव्हती.

पण खरा मुद्दा वेगळा आहे. या लोकांनी यंत्र लपवलं नाही, उलट तबकडी हेच एक यंत्र आहे असं धरून तिच्याशी खेळले. नावच इन्फर्मेशन सोसायटी! सीडीवर आवाजाबरोबर थोडी जास्तीची माहिती नोंदायला आठ बारीक वाहिन्या असतात. त्यांतल्या दोन गाण्याचा क्रमांक आणि वेळ सांगायला वापरतात, उरलेल्या सहा बहुतेक सीडींवर रिकाम्या जातात. १९८८ च्या सीडीत या लोकांनी तिथे चित्रं भरली. सीडी प्लस जी हे त्या तंत्राचं नाव, पुढे कॅरिओकीने ते घरोघरी नेलं. साध्या प्लेअरवर काहीच दिसत नाही, तो फक्त गाणं वाजवतो. योग्य यंत्र टीव्हीला जोडलं तर पडद्यावर चित्रं उमटतात.

‘हॅक’मध्ये हेच वेड आवाजात उतरलं. गाण्यांच्या मधेमधे अर्ध्या-पाऊण मिनिटाचे तुकडे, कुठून कुठून उचललेले आवाज. एका गाण्याचं नाव ‘मिररशेड्स’, सायबरपंक (संगणकांच्या जगातल्या विज्ञानकथा) वाचणाऱ्यांना खूण पटेल असं. मला विचाराल तर त्यांचा सर्वांत चांगला अल्बम हाच. ‘थिंक’ ऐकून थांबणाऱ्यांना तो कळलेलाच नाही.

आणि मग १९९२ च्या अल्बममधला तो अजब ट्रॅक. नाव ‘३००बीपीएस एन, ८, १ (टर्मिनल मोड ऑर अस्की डाउनलोड)’. लावला की गाणं नाहीच, मोडेमचा (फोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राचा) आवाज. आपल्याकडे १९९५ नंतर व्हीएसएनएलचं डायल-अप वापरलेल्यांना तो खरखराट आठवत असेल. हा त्याचा आजोबा, सावकाश बोलणारा. ट्रॅकचं नाव म्हणजे चक्क मोडेमची सेटिंग आहे: सेकंदाला ३०० बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, अक्षराला ८ बिट, शेवटी थांबण्याचा १. सुरुवातीचा एक बिट धरला की अक्षरामागे दहा होतात, म्हणजे सेकंदाला तीस अक्षरं. खालचा सूर शून्य, वरचा सूर एक, आणि त्यांच्या लपंडावात एक आख्खा मजकूर दडवलेला. तो वाचायचा तर सीडीचा आवाज मोडेमला ऐकवून संगणकाच्या पडद्याकडे बघत बसायचं. म्हणजे ऐकणाऱ्याने हात हलवले नाहीत तर या ट्रॅकमध्ये खरंच काही नाही, नुसती किरकिर आहे.

आता मोडेम शोधत फिरायलाही नको. सीडीवरून घेतलेली फाइल संगणकावरच्या एखाद्या फुकट प्रोग्रामला दिली की झालं. पडद्यावर एकेक अक्षर उमटत जातं आणि दौऱ्यातली एक फजिती उलगडते: ब्राझीलमधल्या कुरितिबा गावात हा बँड एका कार्यक्रमवाल्याच्या तावडीत सापडला, त्याची.