सिवूला बोली म्हणू नका

आफ्रिकेतल्या भाषांचा विषय निघाला की आपल्याकडे लोक सहज म्हणून जातात, "तिकडे काय, बोलीच असतात सगळ्या." परवा एका चांगल्या शिकल्यासवरलेल्या मित्राने हेच म्हटलं आणि मला खरंच लागलं ते, म्हणून लिहितेय.

पूर्व घानात टोगोच्या सीमेजवळ डोंगराळ भागात आक्पाफू आणि लोलोबी ही गावं आहेत, तिथली भाषा सिवू. मुलूख कावू, माणसं मावू, भाषा सिवू. मूळ 'वू' तोच, नुसता उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो, किती सुटसुटीत! बोलणारे सगळे मिळून आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढे. मार्क डिंगेमान्से या डच अभ्यासकाची 2011 ची पीएचडी या भाषेतल्या चित्रासारख्या शब्दांवर आहे. आपण कसं मिट्ट काळोख, लख्ख ऊन म्हणतो ना, तसे शब्द, पण ढिगाने. दात पडलेलं माणूस तोंड हलवत खातं ते मुकुमुकु. प्यायलेला झोकांड्या खात चालतो ते ग्बादारा ग्बादारा. गुळगुळीत ते पोलोपोलो, खरखरीत ते वोसोरो. मयताच्या वेळी बंदुकीचे बार काढतात, त्यासाठीची बंदुकीची दारू गावातच बनवतात, आणि ती बनवताना कशी झालीय नि कशी व्हायला हवी हेसुद्धा असल्याच शब्दांत बोलतात. हे इंग्लिशमध्ये सांगायला गेलं तर चार वाक्यं खर्ची पडतील.

आणि अशा भाषेला जागा कुठाय? चर्चमध्ये एवे, म्हणजे त्या भागातली मोठी भाषा, कारण जर्मन मिशनऱ्यांनी बायबल एवेत आणलं. शाळेसाठी सरकारने 11 घानायन भाषा धरल्यात, त्यात सिवू नाहीच. मयतावर म्हणायची सिवूतली जुनी शोकगीतंसुद्धा चर्चच्या गाण्यांपुढे मागे पडली, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, आपलं माणूस गेल्यावर रडायचं पण दुसऱ्याच्या भाषेत!

2020 मध्ये तर कहर झाला. सांट्रोकोफी, आक्पाफू, लिक्पे, लोलोबी हा सगळा पट्टा 2019 साली झालेल्या नव्या ओटी प्रांतात टाकला होता, पण मतदारसंघच दिला नाही आणि ऐन निवडणुकीच्या तोंडावर सांगितलं की राष्ट्राध्यक्षासाठी मत द्या, खासदारासाठी नाही. चार वर्षं संसदेत त्यांचं माणूस नव्हतं. हे भाषेमुळे झालं असं मी म्हणत नाही, पण ज्यांची भाषा कुठल्याच यादीत नसते त्यांना यादीतून वगळणं सोपं जातं, हे मला पक्कं वाटतं.

2024 ला या पट्ट्यासाठीच्या नव्या गुआन मतदारसंघातून त्यांचा खासदार निवडून आला. शाळेचं काय पण? घरी ओढ्यातला दगड हातात घेऊन पोलोपोलो म्हणणारं पोरगं वर्गात बसलं की तोच दगड त्याला एवेत नाहीतर इंग्लिशमध्ये सांगावा लागतो.