लाल शाईचं ऑडिट

शनिवारी जर्मनच्या क्लासमध्ये पत्र परत मिळालं तेव्हा पहिल्या नजरेत वाटलं, तपासताना मॅडमचा घोळणा फुटला असावा. जेल पेनची लाल शाई मागच्या पानावरही उमटली होती.

पत्र घरमालकाला होतं. विषय: हीटर बंद आहे. एप्रिलच्या पुण्यात, तेही लाइट गेलेले असताना, आपण थंडीने कुडकुडतो आहोत हे जर्मनमधून ऐंशी शब्दांत पटवून द्यायचं. चाकणच्या ज्या कंपनीत मी अकाउंट्स बघतो तिचे मालक जर्मन आहेत आणि माझी पुढची बढती बी1 ह्या जर्मन भाषेच्या पातळीच्या सर्टिफिकेटला बांधलेली आहे, म्हणून ह्या वयात हा उद्योग. पण पत्र मी मन लावून लिहिलं होतं. आमच्या सोसायटीची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे आणि सेक्रेटरी फोन उचलत नाहीत. तो सगळा संताप मी त्या काल्पनिक घरमालकावर काढला. माझी आई दम लागून जिन्याच्या पायरीवर बसते, हेसुद्धा घातलं. हीटरशी त्याचा संबंध नव्हता, पण तक्रारीत वजन यावं म्हणून घातलं.

मॅडमनी त्या वाक्यातलं 'डी' हे उपपद काटलं, वर 'डेअर' लिहिलं आणि समासात 'डाटिव!', म्हणजे जर्मनमधली एक विभक्ती, उद्गारचिन्हासह. पायरीवर बसलेल्या आईबद्दल तेवढंच.

बाकी पानभर सांकेतिक अक्षरं. आर म्हणजे स्पेलिंग, जी म्हणजे व्याकरण, झेड म्हणजे विरामचिन्हं. मायन्यानंतर स्वल्पविराम दिला की पुढची ओळ लहान अक्षराने सुरू करायची, नाहीतर गोल. सगळ्यांत छळवादी अक्षर ए. व्याकरण बरोबर, शब्द बरोबर, पण जर्मन माणूस असं म्हणत नाही! मग कसं म्हणतो? ते आपण शोधायचं. खाली नुसती नागमोडी रेघ.

"बघू," शेजारच्या बाकावरचे काका म्हणाले.

हे काका सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमचा वर्ग नर्सिंगच्या मुली आणि आयटीआयच्या मुलांनी भरलेला असतो. त्यांत पन्नाशीजवळ पोचलेला मी आणि सत्तरीजवळ पोचलेले काका. मुलगा स्टुटगार्टला, नातू मराठीत उत्तर देत नाही, म्हणून काका इथे. स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत हे ते अशा थाटात सांगतात की सोयरीक ह्यांनीच जुळवली असावी.

काकांनी चष्मा बदलला, खिशातून शिसपेन्सिल काढली आणि माझं पत्र वरून खाली, मग खालून वर तपासलं.

"एकूण आक्षेप तेवीस. गंभीर स्वरूपाचे चार, उर्वरित किरकोळ. वसुलीपात्र एकही नाही, तेव्हा घाबरू नका."

मी आभार मानले.

"आता तिसरी ओळ बघा. 'मिट'नंतर डाटिव हवी होती, तुम्ही केली नाहीत, मॅडमनी काट मारली. रास्त आहे. नववी ओळ बघा. तोच 'मिट', तीच चूक. काट कुठाय?"

"दमल्या असतील हो काका. पंचवीस जणांचे पेपर असतात."

"दमण्याची तरतूद नाही. ह्याचा अर्थ नमुना तपासणी झालेली आहे, शंभर टक्के नाही. मग गुण शंभर टक्के तपासणीच्या आधारे कसे दिले?"

मला गुण दहापैकी साडेचार होते. उगाच आशा वाटली.

मग त्यांनी स्वतःचा पेपर दाखवला. मी जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. मॅडमच्या प्रत्येक लाल खुणेसमोर आकडा आणि सोबत जोडलेल्या फुलस्केपवर, चार रकाने आखून, मराठीत अनुपालन अहवाल. आक्षेप एक: मान्य, यापुढे दक्षता घेण्यात येईल. आक्षेप दोन: सदर बाब अनवधानाने घडली, पूर्तता सोबत जोडली आहे. आक्षेप सात: हीटर स्त्रीलिंगी असल्याबाबतच्या आदेशाची प्रत उपलब्ध करून द्यावी. आणि जिथे जिथे ए होता तिथे: आक्षेप मोघम असल्याने वगळण्यात यावा.

हे शेवटचं वाचून मला काकांच्या पाया पडावंसं वाटलं.

वर्ग सुटल्यावर त्यांनी तो अहवाल दोन प्रतींत मॅडमना दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. मॅडम वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी निमूट सही केली.

रात्री झोप येईना म्हणून मी ह्या विषयावर वाचत बसलो. जॉन ट्रस्कॉट नावाच्या अभ्यासकाने 1996 मध्येच लिहून ठेवलंय की परभाषेत लिहिणाऱ्यांच्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्याने काही साधत नाही, उलट नुकसान होतं, तेव्हा हा प्रकार बंदच करावा. 1999 मध्ये डॅना फेरिस नावाच्या बाई त्यांच्यावर तुटून पडल्या. वाद पुढे बरीच वर्षं चालला. रविवारी मी हे काकांना सांगितलं.

"म्हणजे प्रकरण 1996 पासून प्रलंबित आहे," काका समाधानाने म्हणाले.

मॅडमनाही सांगून पाहिलं. "ट्रस्कॉट परीक्षक म्हणून येत नाहीत," त्या म्हणाल्या. मुद्दा बिनतोड होता. गोएथे परीक्षेच्या बी1 ला लेखनासाठी साठ मिनिटं असतात आणि त्यात ऐंशी, ऐंशी आणि चाळीस शब्दांचे तीन मजकूर लिहायचे असतात. तिथे कुणाची आई कुठे बसली ह्याला गुण नाहीत.

पण मला खरा राग वेगळाच आहे. आमच्या जर्मन साहेबांच्या इंग्रजी मेलमध्ये काळ, वचन आणि क्रियापद तीन दिशांना गेलेले असतात. त्यांचा मेल चाकणचा सगळा मजला दोनदा वाचतो, अर्थ लावतो, अर्थ लागला नाही तर आपल्यालाच इंग्रजी येत नाही असं समजतो आणि 'नोटेड सर' पाठवतो. समासात जी लिहायची कुणाची छाती आहे? साहेबांना समजून घेणं आमच्या पगारात धरलेलं आहे. आणि मी लिहिलं तर? आई पायरीवर का बसते, हे मॅडमनी विचारलं नाही. काकांनीही नाही. काकांनी तर ती ओळ 'किरकोळ'मध्ये टाकली.

असो. रविवारीच मॅडमनी काकांचा अहवाल परत केला. लाल पेनाने तपासून. काकांनी 'पूर्तता' सगळीकडे ऱ्हस्व पु काढून लिहिलं होतं. मॅडमनी प्रत्येक पु ला गोल केला होता आणि पहिल्या गोलाशेजारी 'पू दीर्घ' लिहिलं होतं. नवव्या ओळीतला पु सुद्धा सुटला नव्हता.

काकांचे कान लाल झाले. "शुद्धलेखनाचे चौदा नियम 1962 चे. चार 1972 ला वाढवले. ह्यातल्या कितव्या नियमाखाली हा आक्षेप घेतलाय, ते लेखी द्या."

"देते," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्या पत्राचं पुनर्लेखन कुठाय?"

"ते अपिलाच्या निकालानंतर."

मॅडमनी मान डोलावली आणि पुढच्या बाकाकडे वळल्या. मीही लगेच तेच कारण सांगून पाहिलं. मला शनिवारपर्यंतची मुदत मिळाली.