‘वीस वर्षांत घरी आणि पूर्ण पगार’: पोलिसांच्या पेन्शनबद्दलचा खोटा मेसेज

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "पोलीस वीस वर्षं नोकरी करतो, चाळिशीत घरी बसतो, दुसऱ्या महिन्यापासून पूर्ण पगार पेन्शन म्हणून खात्यात जमा." सारंगखेड्याच्या यात्रेत डिसेंबरच्या थंडीत रात्रभर बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल हे पसरवलं जातंय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

"चाळिशीत घरी." शिपायापासून निरीक्षकापर्यंत निवृत्तीचं वय ५८ आहे. ज्या महिन्यात ५८ पूर्ण होतात, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीसच. २० वर्षांची अट आहे, पण ती स्वेच्छानिवृत्तीची, तीन महिन्यांची नोटीस देऊन. मुलं शाळेत आहेत, राहायला पोलीस लाइनीतली सरकारी खोली आहे, अशा वेळी किती जण ती घेतील?

"पूर्ण पगार." जुन्या योजनेत (१ नोव्हेंबर २००५ आधी लागलेल्यांच्या) पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी. शेवटचं मूळ वेतन ६०,००० असेल तर ३०,००० आणि त्यावर महागाई भत्ता. घरभाडं आणि बाकीचे भत्ते बंद. मुलीच्या लग्नासाठी किंवा घरासाठी बहुतेक जण पेन्शन विकतात, म्हणजे तिचा काही भाग आधीच एकरकमी घेतात. ४० टक्के विकली की दरमहा १२,००० कमी येतात, तेही १५ वर्षं.

मेसेज लिहिणाऱ्याने मुख्य गोष्टच पाहिलेली नाही. आज ज्यांची २० वर्षं भरताहेत, ते १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले. त्यांना जुनी पेन्शन मुळात लागूच नव्हती. त्यांच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्यातून दरमहा १० टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालतं, आणि या नव्या योजनेत पेन्शन मुख्यतः जमा रकमेवर ठरत आली आहे. ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ आधीची होती, अशांना २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. तो सगळ्यांसाठी नव्हता. म्हणजे ज्या पिढीकडे बोट दाखवलं जातंय, तीच या प्रश्नावर सगळ्यात जास्त काळजीत आहे.

"दुसऱ्या महिन्यापासून खात्यात." सेवापुस्तक, म्हणजे नोकरीची सगळी नोंद, आधी वेतन पडताळणीला जातं. जुनी वेतननिश्चिती चुकली असेल तर जास्तीच्या रकमेच्या वसुलीचा प्रश्न उभा राहतो. मग पेन्शनचा प्रस्ताव मुंबईच्या महालेखापाल कार्यालयात (सरकारी हिशेब तपासणारं कार्यालय), तिथून आदेश आपल्या जिल्ह्याच्या कोषागारात. सरकारी खोली सोडून ना-देय दाखला (काही देणं बाकी नसल्याचा) आणायचा तो वेगळाच. आणि विभागीय चौकशी चालू असेल, जी पोलिसात नवीन नाही, तर निकाल लागेपर्यंत फक्त तात्पुरती पेन्शन मिळते आणि ग्रॅच्युइटी (निवृत्तीवेळची एकरकमी रक्कम) अडकून राहते.