एअरगनला लायसन्स लागत नाही, पण शिकारीला परवानगीही नाही

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. "पहिली एअरगन घेताय? आधी हे वाचा," अशी त्याची सुरुवात. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: एअरगनला लायसन्स लागत नाही, म्हणून तिने ससा, कवडे, हरियल मारले तर गुन्हा नाही. बागायत स्वतःची असेल तर माकडं आणि डुकरंही मारता येतात. छोट्या शिकारीला .२२ (नळीचं छिद्र, इंचांत) घ्या, .१७७ म्हणजे पोरांचं खेळणं. एफपीएस, म्हणजे छर्‍याचा सेकंदाला फुटांतला वेग, जितका जास्त तितकी गन चांगली. अशी एक दणकट गन घेतली की नेमबाजीही तिच्यावरच शिकता येते. आणि शेवटी, जोर वाढवायला नळीत तेलाचे दोन थेंब टाका.

मी मुलांना नेमबाजी शिकवतो. वाळपईची, सांग्याची मुलं हा मजकूर मोबाइलवर दाखवून "सर, मग कुठली घेऊ?" असं विचारतात, तेव्हा पोटात गोळा येतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे.

लायसन्सचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचं छिद्र ४.५ मिलिमीटर, म्हणजेच .१७७, याहून मोठं नसेल आणि छर्रा नळीतून सुटताना त्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तरच एअर रायफल लायसन्सशिवाय बाळगता येते. दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. ही सूट वस्तू जवळ ठेवण्यापुरती आहे. त्या वस्तूने काय करायचं, हे दुसरा कायदा ठरवतो. कोयता घरात ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून त्याने काहीही कापायची मोकळीक मिळत नाही.

तो दुसरा कायदा म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या नवव्या कलमाने अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांतल्या, प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. शिकार म्हणजे नुसतं मारणंही नव्हे. जखमी करणं, पकडणं, फासात अडकवणं, पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं व्याख्येतच आलं आहे. त्यामुळे "नेम चुकला, काही मेलं नाही" ही सबब चालत नाही. हत्यार कुठलं होतं यानेही काही फरक पडत नाही. बेचकीने मारलेला ससा आणि बारा बोअरच्या बंदुकीने मारलेला ससा कायद्याला सारखाच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर कैद किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, आणि दंड किमान पंचवीस हजार. मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो, म्हणून घरात शिजणारं सागुतीचं भांडंसुद्धा पुरावा होतं.

"कावळे, वटवाघळं चालतात, ती उपद्रवी आहेत" असं वरती कुणीतरी जोडलेलं असतं. उपद्रवी प्राण्यांची ती जुनी पाचवी अनुसूची आता अस्तित्वातच नाही. १ एप्रिल २०२३ पासून ती गेली. एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळापुरतं उपद्रवी ठरवायचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, गावातल्या गटाचा नव्हे.

आता बागायतीचा मुद्दा. इथे मी घाईने बोलणार नाही, कारण मजकूर लिहिणाऱ्याचं दुःख खोटं नाही. माकडांच्या टोळीने शहाळी फोडून टाकलेली, रात्रीत डुकरांनी सुरण, कणगी ही कंदमुळं उकरून टाकलेली, गव्यांनी कुळागरात, म्हणजे सुपारी-केळीच्या बागायतीत, शिरून केळी झोपवलेली मी पाहिली आहेत. सत्तरीत, सांग्यात, काणकोणात असे लोक आहेत ज्यांनी पायलीभर भात हाती लागत नाही म्हणून शेतं पडीक टाकली. त्यांना "निसर्गावर प्रेम करा" म्हणून सांगणं हा अपमान आहे. पण छर्रा हे त्याचं उत्तर नाही, आणि कारण केवळ कायद्याचं नाही.

आपल्याकडचं लाल तोंडाचं टोपी माकड पहिल्या अनुसूचीत आहे. गवा तर गोव्याचा राज्यप्राणीच, तोही पहिल्या अनुसूचीत. मोरही. २०१६ साली राज्याच्या कृषिमंत्र्यांनी मोराला उपद्रवींत घालायची भाषा केली होती, देशभर गहजब झाला आणि मोर होता तिथेच राहिला. जमीन तुमची असली तरी तिच्यावरून जाणारा प्राणी तुमचा होत नाही. अभयारण्याची हद्द तुमच्या बागेपासून दहा किलोमीटरवर असली तरी कायदा तोच. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या प्राण्याला मारायची वाट कायद्यात आहे, कलम ११ खाली, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकमातून जाते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला तर पिकाच्या नुकसानीसाठी तीही वाट नाही. तो माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच.

आणि समजा कायदा नसता, तरीही अर्ध्या ग्रॅमचा छर्रा रानडुकराला मारत नाही. तो कातडीखाली रुतून बसतो. जखम चिघळते, जनावर आठवडाभर झुरतं, आणि त्या अवस्थेत ते पाणंदीत शाळेतून येणाऱ्या पोरासमोर आलं तर काय होईल, याचा विचार मजकुरात कुठे नाही. माकडाचा डोळा फुटतो, टोळी मात्र दुसऱ्या दिवशी परत येते. त्यापेक्षा नुकसानीचे फोटो काढून त्याच दिवशी वनखात्याकडे आणि विभागीय कृषी कार्यालयात अर्ज द्या, कुंपणाच्या अनुदानाची चौकशी करा. हा मार्ग संथ आहे, चिडचिड होते, मला मान्य आहे. म्हणूनच त्या कार्यालयांत एकट्याने न जाता वाड्यावरच्या सगळ्यांनी मिळून जावं.

"एअरगनने असं काय मरतंय?" हा प्रश्नही या मजकुराखाली हमखास येतो. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली एअरगन स्वेच्छेने जमा करायची मोहीम सुरू झाली आणि लोकांनी दोन हजारांहून जास्त एअरगन आणून दिल्या. तिथली रानं पक्ष्यांच्या आवाजाला मुकत चालली होती, म्हणून ती मोहीम काढावी लागली. छोटा पक्षी मारायला फार ऊर्जा लागतच नाही.

.२२ चा सल्ला कुठून आला ते कळणं अवघड नाही. इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडांपर्यंतची, म्हणजे सुमारे १६ ज्यूलची एअर रायफल विशेष परवान्याशिवाय ठेवता येते आणि शेतातले ससे, रानकबुतरं मारायला तिथे मुभा आहे. जड छर्रा जवळच्या अंतरावर ऊर्जा नीट पोचवतो म्हणून तिथले लोक .२२ पसंत करतात. त्यांच्या शेतासाठी ते बरोबरच. तोच सल्ला मराठीत उतरवून गोव्यात वाटला की वाचणारा दोनदा फसतो: शिकार बेकायदा, आणि ५.५ मिलिमीटरची ती गन लायसन्सशिवाय बाळगणंही बेकायदा. कुणी तुम्हाला जुनी .२२ "कागदांची गरज नाही" म्हणून देऊ करत असेल तर हात लावू नका. लायसन्स हवंच असेल तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो.

आणि .१७७ ला खेळणं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण याच ४.५ मिलिमीटरच्या छर्‍याने जिंकलं. २०१२ साली लंडनमध्ये गगन नारंगचं कांस्यही त्याचंच.

एफपीएसचा हिशेब तर कागदावर करून बघण्यासारखा आहे. वजनाचा अर्धा भाग गुणिले वेगाचा वर्ग, झाली ऊर्जा. नेहमीचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा. २० ज्यूलच्या मर्यादेत तो सेकंदाला साधारण २७५ मीटर, म्हणजे ९०० एफपीएस जाऊ शकतो. मग खोक्यावर १३०० लिहिलेलं कसं? एक तर तो आकडा अतिशय हलका मिश्रधातूचा छर्रा घालून काढलेला आहे, किंवा थापच आहे, किंवा ती गन नेहमीच्या छर्‍याने चाळीस ज्यूलच्या घरात जाते आणि तिला लायसन्स लागतं. शिवाय छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ, सुमारे ११२५ एफपीएसला पोचला की डळमळतो आणि भरकटतो. दहा मीटरच्या स्पर्धेतल्या रायफली सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास छर्रा सोडतात, जेमतेम आठ ज्यूल. तेवढ्यात नेमबाज अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याचा वेध घेतात.

म्हणूनच "एकीत दोन्ही कामं" हे सगळ्यात चुकीचं आहे. जोरदार स्प्रिंगची गन नवशिक्याला बिघडवते. आतलं पिस्टन पुढे धावतं तेव्हा गन आधी मागे, मग पुढे उसळते, आणि छर्रा तोवर नळीतच असतो. बारीकशी चूकही कागदावर मोठी दिसते. ताणायला ताकद लागते, विसाव्या गोळीला हात थरथरतो, मुलगा कंटाळतो. तुम्हाला कागदावर नेम धरायचा असेल तर मध्यम ताकदीची, दहा-बारा ज्यूलची, नळी खाली वाकवून छर्रा भरायची .१७७ घ्या. ट्रिगर हलका आणि एकसारखा सुटतो का ते हाताने तपासा, बट खांद्याला बसते का बघा. दुर्बीण सुरुवातीला नकोच. उघड्या माशीवर, म्हणजे नळीवरच्या साध्या निशाणीवर, डोळा आणि श्वास शिकतात. पुढे लावायचीच झाली तर एअरगनच्या उलट-सुलट धक्क्यासाठी बनवलेलीच घ्या, साधी दुर्बीण महिन्याभरात ढिली होते. धरताना गच्च आवळू नका, डाव्या तळहातावर नुसती टेकवा. छर्रे चपट्या डोक्याचे, कागदावर गोल भोक पाडतात, गुण मोजायला सोपं. स्पर्धेची आवड लागली की मग हवा भरलेल्या रायफलीचा विचार, त्या लाखांत जातात. तोवर रेंजवरची वापरा.

अंगणात सराव करणाऱ्यांनी चिऱ्याच्या भिंतीला लक्ष्य टांगू नये. छर्रा उसळतो, आणि शेजारच्या परसात कुणी असतं. लक्ष्यामागे जाड लाकूड आणि त्यामागे लोखंडी पत्र्याची पेटी, बाजूला कुणी येणार नाही अशी जागा, डोळ्यांवर चष्मा. निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागू होतं. छर्रे शिशाचे असतात, नंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

राहिले तेलाचे दोन थेंब. स्प्रिंग गनच्या नळीत तेल गेलं की दाबलेल्या गरम हवेत ते पेटतं. आवाज मोठा येतो, धूर येतो, वेगही क्षणभर वाढतो, म्हणून लोकांना वाटतं जमलं. प्रत्यक्षात आतलं सील जळतं, स्प्रिंग तुटते, आणि प्रत्येक छर्रा वेगळ्या वेगाने जातो. छर्रा न घालता घोडा दाबण्यानेही असंच नुकसान होतं. आपल्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात गंज लागतो हे खरं, पण त्यासाठी तेल नळीच्या बाहेरून, फडक्यावर घेऊन, पुसता पुसता लावायचं. आणि जून ते सप्टेंबर गन फोमच्या बंद पिशवीत ठेवायची नाही, ओल त्यातच धरते.